दोन बरण्यांचं विलीनीकरण

एका जंगलात एक म्हातारं अस्वल राहत होतं. हो, अस्वलच. गोष्ट मुंग्यांची आहे हे मला माहीत आहे, पण ती सुरू अस्वलापासून होते. मधे बोललात तर मी इथेच थांबेन.

अस्वलाचं नाव आबासाहेब झिपरे. उमेदीच्या काळात आबासाहेबांनी जंगलातली वारुळं एकेक करून चाटून साफ केली होती. पुढे दात गेले, जीभ जड झाली आणि मुंग्या पचेनाशा झाल्या. तेव्हापासून आबासाहेबांना मुंग्यांविषयी प्रेम वाटू लागलं. ते तज्ज्ञ झाले. "मुंगी टिकली पाहिजे," असं ते सभेत सांगत आणि ससे टाळ्या वाजवत. ससे कशालाही वाजवतात.

सहलीला आलेल्या माणसांनी टाकून दिलेल्या दोन काचेच्या बरण्या आबासाहेबांनी गुहेच्या तोंडाशी मांडल्या होत्या. मोठी लोणच्याची, धाकटी मुरंब्याची. दोन्हींत ओली माती, झाकणाला बारीक भोकं आणि रोज मधाचा एक थेंब. दोन्हींत काळ्या मुंग्या. जात एक, रंग एक, पायही सहा-सहाच. पण मोठ्या बरणीतल्यांना वाटे जग म्हणजे आपली बरणी, आणि धाकटीतल्यांनाही तसंच वाटे. मधे चार बोटांचं अंतर होतं, तेवढं पुरतं.

मोठ्या बरणीच्या राणीला सगळ्या आईसाहेब म्हणत. आईसाहेबांच्या खाशा सेवेत म्हाळसाबाई होत्या. आईसाहेबांनी काय खावं, कधी झोपावं आणि कोणाला भेटू नये, हे त्या बघत. आणि सगळ्यांत शेवटी, उकिरड्याच्या कोपऱ्यात, आपली सगुणी.

सगुणीचं काम एकच. मेलेल्या मुंग्या उचलायच्या आणि उकिरड्यावर नेऊन टाकायच्या. तोंडं वाकडी करू नका. तुमच्या आळीतही हे काम कोणीतरी करतं आणि तुम्ही त्याचं नाव कधी विचारलेलं नाही.

आता एक नियम नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. मुंग्यांना मेलेलं डोळ्यांनी कळत नाही, वासाने कळतं. मुंगी मेली की दोन दिवस तिला काही वास येत नाही. ते दोन दिवस सगळ्या तिच्या अंगावरून ये-जा करतात. कोणी रामराम करतं, कोणी "आज गप्पशी?" म्हणून विचारतं. तिसऱ्या दिवशी मढ्याचा वास सुटतो. तेव्हा कुठे ती मेली असं ठरतं आणि सगुणीला बोलावणं येतं.

सगुणीची इच्छाही एकच होती. जन्मभर तिच्या तोंडात मढी. एकदा तरी तिला अंडं उचलायचं होतं. पांढरं, ओलसर, ज्यातून कोणीतरी यायचं आहे असं. पण अंड्यांच्या दालनात तिला मज्जाव होता. "तुझ्या तोंडाला कसला वास असतो ते तुलाच ठाऊक आहे," असं म्हाळसाबाईंनी तिला फार पूर्वी सुनावलं होतं. सगुणी लांबून बघायची. दाया अंडी इकडून तिकडे नेत, आणि ही तोंडात मढं धरून बाजूला उभी राहायची, वाट द्यायला.

एके सकाळी सगुणी आईसाहेबांच्या दालनावरून जात होती. सहज तिच्या मिशा आईसाहेबांच्या पायाला लागल्या. मुंगीच्या मिशा म्हणजे तिचं नाक, बोट आणि अक्कल, तिन्ही. पाय ताठ होता.

सगुणीने म्हाळसाबाईंना बाजूला घेतलं. "बाई, आईसाहेब गेल्या."

"वास येतोय?"

"अजून नाही. पण मी रोज हेच उचलते. मला कळतं."

"वास येत नाही ना? मग गेल्या नाहीत. तू तुझं काम बघ."

म्हाळसाबाई हुशार होत्या. त्यांनी सेवेतल्या बारा जणींच्या पाळ्या लावल्या. सकाळ-संध्याकाळ आईसाहेबांना चाटायचं, डोक्यापासून शेवटच्या पायापर्यंत. वास सुटायच्या आतच चाटून टाकायचा. वास नाही म्हणजे मरण नाही. आईसाहेबांची तब्येत उत्तम असल्याचं रोज कळवण्यात येऊ लागलं, आणि कारभार इतका सुरळीत चालला की तो पूर्वी कधीच तसा चालला नव्हता. आईसाहेब आता कशालाच नाही म्हणत नव्हत्या.

फक्त अंडी होत नव्हती.

"आईसाहेब विचार करताहेत," असं म्हाळसाबाईंनी सांगितलं. मुंग्यांना ते पटलं. मोठी माणसं विचार करत असली की घरात काही होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अळ्या मोठ्या झाल्या, दालन रिकामं झालं. दाया बसून राहू लागल्या, त्या एकमेकींच्या कागाळ्या करू लागल्या. म्हाताऱ्या मुंग्या नेहमीप्रमाणे मरत होत्या. सगुणीच्या खेपा वाढल्या. तिच्या लक्षात आलं की बाहेर जाणाऱ्या वाटेवर रोज गर्दी आहे आणि आत येणाऱ्या वाटेवर कोणीच नाही. असंच चाललं तर शेवटचं मढं तिला स्वतःलाच उचलावं लागणार होतं, आणि ते तिला जमलं नसतं.

आबासाहेबांच्याही हे ध्यानात आलं. काचेला नाक लावून ते म्हणाले, "अंडी दिसत नाहीत. राणी गेली. विलीनीकरण करावं लागेल."

धाकट्या बरणीत एक तरुण राणी होती, कमळजा. तिच्या जेमतेम तीस लेकी. थोरली रंगू, तिच्याच शब्दावर बाकीच्या चालत. म्हणजे इकडे घर मोठं आणि राणी नाही, तिकडे राणी आहे आणि घर नाही. दोन्ही बरण्या एक केल्या की झालं. कागदावर ते इतकं सोपं दिसत होतं की आबासाहेबांनी त्यावर सशांसाठी व्याख्यान ठेवलं.

"पद्धत अशी," आबासाहेब म्हणाले. "दोन्ही बरण्या आधी झऱ्याच्या थंड पाण्यात ठेवायच्या. मुंग्या गारठतात. गारठलेल्याला अभिमान राहत नाही. मग दोन्ही झाकणांचं एकेक भोक मोठं करायचं, पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्यायचा आणि एका बरणीच्या भोकातून दुसऱ्या बरणीच्या भोकात घालायचा. बाकी त्यांचं त्या बघतात." सशांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच तसं झालं. गारठलेल्या कमळजाबाई आणि त्यांच्या लेकी देठातून रांगत मोठ्या बरणीत आल्या. इकडच्याही गारठलेल्या होत्या. सगळ्या एकमेकींना चिकटून उबेला बसल्या. कोण कोणाची कोणी विचारलं नाही. आबासाहेबांनी समाधानाने ढेकर दिला आणि ते झोपायला गेले.

मग ऊन चढलं. काच तापली. अंगात ऊब आली तशी सगळ्यांना आपापली परंपरा आठवली.

"हा कसला वास?" एक दाई म्हणाली.

"तोच आम्ही विचारतोय," रंगू म्हणाली.

पुढच्या घटकाभरात अकरा पाय तुटले. इकडच्या सहा जणींनी कमळजाबाईंचे सहा पाय धरले आणि सहा दिशांना ओढले. मुंग्यांत परक्या राणीचं स्वागत असंच करतात. सगुणीच्या कामात आता भरच पडणार होती. पण कमळजाबाईंचं पोट तिने पाहिलं. टम्म फुगलेलं. सगुणी आयुष्यात पहिल्यांदा गर्दीच्या मधे घुसली.

"सोडा तिला. तिच्या पोटात अंडी आहेत. दालनाकडे बघा एकदा, आहे का काही तिथे?"

सगळ्यांनी दालनाकडे बघितलं. पाय ओढणं जरा ढिलं पडलं. म्हाळसाबाईंनी बघितलं की आता काहीतरी बोलावं लागणार.

"आम्ही काही आडमुठ्या नाही," त्या म्हणाल्या. "अंडी हवीतच. पण परक्या वासाची राणी ह्या बरणीत चालणार नाही. तिला आधी आपली करून घेऊ. रीतसर दत्तक. आईसाहेबांच्या पोटाशी दोन दिवस ठेवू. त्यांचा वास तिच्या अंगाला लागला की ती ह्या घरची."

"आईसाहेबांना विचारलं का?" रंगूने विचारलं.

"त्यांची ना नाही," म्हाळसाबाई म्हणाल्या. हे मात्र अगदी खरं होतं.

कमळजाबाईंना आईसाहेबांच्या दालनात नेलं आणि त्यांच्या पोटाखाली सरकवून दिलं. वर आईसाहेब, खाली कमळजाबाई. दाराशी पहारा. कमळजाबाई मायाळू होत्या. त्यांना वाटलं, सासू जरा अबोल आहे.

इकडे दोन्ही बाजूंची बैठक बसली. मुद्दे बरेच होते. मधाच्या थेंबापाशी आधी कोणी उभं राहायचं? पडलेल्या पायांना वीरगती म्हणायचं की अपघात? एक झालेल्या बरणीला कोणाचं नाव? ह्या शेवटच्या मुद्द्यावर सेवेतल्या बारा जणी अशा काही पेटल्या की बैठक दोन दिवस हलली नाही. पाळ्यांचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. त्या दोन दिवसांत आईसाहेबांना कोणी चाटलं नाही.

तुमच्यातल्या हुशार मुलाच्या ध्यानात आलं असेल. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवा.

तिसऱ्या दिवशी सगुणी दालनावरून गेली आणि जागच्या जागी थांबली. तिने धावत जाऊन बैठक गाठली.

"बाई, वास सुटलाय. आईसाहेबांना. त्या पोरीला आधी बाहेर काढा, सगळा तिच्या अंगाला लागतोय."

म्हाळसाबाईंनी कपाळाला आठी घातली. "तू बैठकीत आलीसच कशी? तुझी जागा कुठे, तू बोलतेस काय. तुझ्याच तोंडाचा वास तुला येत असेल. दत्तकाचा मुहूर्त दुपारी आहे, तोपर्यंत कोणी आत जायचं नाही."

दुपारी मुहूर्तावर दार उघडलं. दोन्हीकडच्या मुंग्या दुतर्फा उभ्या होत्या. कमळजाबाई बाहेर आल्या. थोड्या अवघडल्या होत्या, पण हसतमुख. सगळ्यांनी स्वागताला मिशा पुढे केल्या.

आणि सगळ्यांनी त्या एकदम मागे घेतल्या.

"अरेरे," एक दाई म्हणाली. "कधी गेल्या?"

"चांगल्या होत्या बिचाऱ्या," दुसरी म्हणाली.

"अगं, काय बोलताय?" कमळजाबाई म्हणाल्या. "मी चांगली उभी आहे इथे."

"शेवटपर्यंत बोलत होत्या," म्हाळसाबाई हळहळल्या.

कमळजाबाईंनी रंगूकडे बघितलं. "रंगे, तू तरी सांग. मी तुझी आई ना?"

रंगूने मिशा लावून बघितल्या. पुन्हा एकदा लावल्या. तिला रडू आलं. "आवाज आईचाच आहे," ती म्हणाली, "पण वास मढ्याचा येतोय. आता आवाजावर कसं जायचं?"

आत आईसाहेबांच्या अंगालाही तोच वास होता. पण म्हाळसाबाईंनी तेही मार्गी लावलं. वास हिच्यामुळे आत शिरला, असं त्यांनी जाहीर केलं आणि बारा जणींना चाटायला बसवलं. ते सगळ्यांना पटलं, कारण न पटवून घेतलं असतं तर फार काम पडलं असतं.

मग इकडच्या तीन आणि तिकडच्या तीन अशा सहा जणींनी कमळजाबाईंना उचललं. सगुणी पुढे. बाकी सगळ्या मागून, रांगेत, एकमेकींना सांभाळून घेत. कोणी कोणाचा पाय ओढला नाही. रंगूचा तोल गेला तर म्हाळसाबाईंनी तिला स्वतः सावरलं. दोन्ही बरण्यांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

आबासाहेब काचेतून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. "झाल्या एक," ते म्हणाले.

कमळजाबाई उकिरड्यावरून उठून परत आल्या. त्यांना पुन्हा नेलं. त्या पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा नेताना त्यांनी पाय झाडणं सोडून दिलं. सगळ्या निघून गेल्यावर त्या सालपटांच्या आणि जुन्या मढ्यांच्या मधे बसून राहिल्या.

"सगुणे," त्या म्हणाल्या, "एवढ्या सगळ्या म्हणताहेत. माझी पोटची पोर म्हणतेय. मी खरंच मेले असेन काय गं?"

सगुणीला फार वाईट वाटलं. "बाईसाहेब," ती म्हणाली, "मी जन्मभर मेलेल्या उचलते. त्यांतली एकही असं विचारत नाही."

आणि तिने नियम मोडला. ती कमळजाबाईंना चाटू लागली. डोक्यापासून शेवटच्या पायापर्यंत, एकटीने, बारा जणींचं काम. पाच दिवस लागले. वास गेला.

"आता जाते परत," कमळजाबाई म्हणाल्या.

"कुठे? तिथे तुम्ही कैलासवासी आहात. तुमच्या नावाने आज गोड होतं. आणि आता तुम्हाला ना त्यांचा वास, ना ह्यांचा. मेलेली म्हणून नाही उचललं तर परकी म्हणून फाडतील. इथेच राहा. इथे कोणी येत नाही."

कमळजाबाई राहिल्या. दुसऱ्या दिवशी एका जुन्या सालपटाच्या आडोशाला त्यांनी अंडं घातलं आणि म्हणाल्या, "उचल. माती ओली आहे, जरा वर ठेव."

सगुणी मागे सरली. "माझ्या तोंडाला वास असतो."

"इथे सगळ्यालाच असतो. उचल."

सगुणीने उचललं. इतक्या वर्षांची तिची सवय जड आणि ताठ वस्तूची. हे अगदी हलकं होतं. तिने ते वर नेऊन ठेवलं आणि पुन्हा उचलून बघितलं.

पुढचं भराभर सांगतो, तुमची चुळबुळ सुरू झाली आहे. उकिरड्यावर अंड्यांच्या अळ्या झाल्या, अळ्यांच्या मुंग्या झाल्या. जन्मल्या तेव्हा त्यांना कसलाच वास नव्हता. मग उकिरड्याचा लागला. एक दिवस रंगू कोणाचं तरी मढं घेऊन आली, तिने आईला बघितलं आणि परत गेली नाही. वाड्यात, म्हणजे बरणीच्या चांगल्या भागात, मुंग्या कमी कमी होत गेल्या. शेवटी फक्त म्हाळसाबाई उरल्या. त्या एकट्याच बसून आईसाहेबांचं वाळकं टरफल चाटत.

सगुणी त्यांना बोलवायला गेली. "बाई, चला तिकडे. अंडी आहेत, पोरी आहेत."

"उकिरड्यावर जन्मलेल्यांना मी ओळखत नाही," म्हाळसाबाई म्हणाल्या. "आणि मोठ्याने बोलू नकोस. आईसाहेब विचार करताहेत." त्यातच त्या गेल्या, बसल्या बसल्याच.

आबासाहेबांनी सभा बोलावली आणि बरणी मधोमध ठेवली. "बघा. दालन स्वच्छ. राणी आसनावर. शेजारी एकनिष्ठ सेविका. एक झाल्यापासून एक भांडण नाही." ससे टाळ्या वाजवतच होते, तेवढ्यात आबासाहेबांची नजर कोपऱ्यातल्या उकिरड्यावर गेली. तिथे काहीतरी वळवळत होतं. पाहुण्यांसमोर हे शोभलं नाही. त्यांनी काडीने सगळा कोपरा खरवडला आणि गुहेमागच्या बेहड्याच्या झाडाखाली झटकून टाकला. बरणीला नंतर बक्षीस मिळालं. अजून ती तशीच आहे म्हणतात.

बेहड्याच्या मुळाशी कमळजाबाईंचं वारूळ झालं. मोठं झालं. हजारो मुंग्या, वर आभाळ, झाकण नाही. सगुणी आता म्हातारी झाली होती. ती दिवसभर अंडी उचलायची, कोणी तिला अडवत नव्हतं. तिला सगळं मिळालं होतं.

एका सकाळी ती गवतात गेली आणि तिच्या अंगावर दवाचा भलामोठा थेंब पडला. चिंब होऊन ती परत आली, तर दारात दोन तरुण मुंग्या पहाऱ्यावर होत्या.

"थांबा, आजी. वास?"

"कसला वास?"

"उकिरड्याचा. आपल्या घराण्याचा. तो असल्याशिवाय आत सोडत नाहीत. ठराव झालाय."

"अगं, तुम्हा दोघींना अंड्यात असताना मी ह्या तोंडाने उचललंय."

"ते असेल," एक म्हणाली. ती वाईट नव्हती, तिला खरंच वाईट वाटत होतं. "पण वास येत नाही ना. आता बोलण्यावर कसं जायचं?"

त्यांनी तिला उचललं. आतून आणखी चार जणी मदतीला आल्या. सहाही जणी अगदी मिळून मिसळून चालत होत्या. सगुणीने पाय झाडले नाहीत. तिने फक्त मान वळवून बघितलं की कोणत्या दिशेला नेताहेत, आणि म्हणाली, "डावीकडून घ्या, पोरींनो. उजवीकडे दगड आहे. मला ही वाट माहीत आहे."

तात्पर्य : मुलांनो, एकी मुंग्यांपासून शिकावी. त्यासाठी सर्वांना मिळून उचलता येईल असा एक जिवंत माणूस लागतो. तो मधूनमधून बोलेल, तिकडे लक्ष देऊ नये. आणि आपण नेहमी उचलणाऱ्यांत राहावं; त्यासाठी अंघोळ जरा बेतानेच करावी.